आधी सुई, मग सुरी

मराठी माणसाने गुडघ्यावर जेवढा अन्याय केला आहे, तेवढा दुसऱ्या कोणत्याही अवयवावर केला नसेल. एखाद्याला बुद्धी कमी असली की ती गुडघ्यात आहे असे आपण म्हणतो. लग्नाची घाई झालेला तरुण गुडघ्याला बाशिंग बांधून बसतो. हरलेला माणूस गुडघे टेकतो. मूर्खपणा, उतावळेपणा आणि पराभव या तिन्हींचे खापर आपण या बिचाऱ्याच्या माथी फोडून मोकळे झालो आहोत. आणि तो मात्र हे सारे निमूटपणे सोसून जन्मभर आपल्याला उठवतो, बसवतो, जिने चढवतो आणि पंढरीला नेऊन परत आणतो.

या गुडघ्याशी माझा संबंध पोटापाण्याचा आहे. मी हाडांचा डॉक्टर. त्यातही दुर्बिणीने गुडघ्याची ऑपरेशने करणारा. या धंद्यात एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते रोग्याच्या तोंडून निघण्यापूर्वीच मला ऐकू येते. "डॉक्टर, दोन भोकं तर पाडायची!" खर्चाचा आकडा ऐकून नातेवाईक हे म्हणतात, भीती लपवण्यासाठी रोगी म्हणतो, आणि ज्याचे ऑपरेशन आधी झाले आहे असा शेजारी तर मोठ्या अधिकाराने म्हणतो.

भोके दोनच, हे खरे. प्रत्येक भोक एका सेंटिमीटरपेक्षा लहान, हेही खरे. एकेका टाक्यात मिटणारी, आणि वर्षभराने शोधू गेले तर पटकन न सापडणारी. परंतु ही भोके नेमकी कोठे पाडायची हे ठरवण्यात निम्मे ऑपरेशन असते. आणि ती पाडायची की नाहीत हे ठरवण्यात उरलेले निम्मे. इंग्रजीत या भोकांना 'पोर्टल' म्हणतात. आपण सरळ दार म्हणू. या दारांची हकीकत मोठी रंजक आहे, आणि ज्याला गुडघे आहेत अशा प्रत्येकाच्या उपयोगाची आहे.

बंद खोलीत डोकावण्याची कल्पना

पूर्वी गुडघ्यात काय बिघडले आहे ते पाहायचे तर गुडघा उघडावा लागे. चांगला चार-पाच बोटे लांबीचा छेद, मग कित्येक दिवस पाय बांधून ठेवणे, आणि मग आखडलेला सांधा मोकळा करण्याची खटपट. मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात. डॉक्टर त्यांना मेनिस्कस म्हणतात, लोक 'गादी' म्हणतात. आपण लोकांचाच शब्द घेऊ. ही गादी फाटली की ती आख्खी काढून टाकण्याची तेव्हा रीत होती. तिच्यावाचून काही अडत नाही अशीच समजूत असे. १९४८ साली फेअरबँक या इंग्रज सर्जनने गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे अभ्यासून दाखवले की काही काळाने त्या सांध्यातले अंतर कमी होते आणि हाडाची गोलाई चपटी होऊ लागते. म्हणजे गादी रिकामटेकडी नव्हती. भार वाहत होती.

भोकातून आत डोकावण्याची कल्पना मात्र याआधीची. १९१२ साली बर्लिनमध्ये जर्मन सर्जनांच्या परिषदेत सेव्हेरिन नॉर्डेनटॉफ्ट या डॅनिश सर्जनने सांध्यात नळीतून पाहण्याचा विचार मांडला. १९१८ साली टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय पाहण्याची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. ताकागींना हे का सुचले, ते कारण आपल्या फार जवळचे आहे. त्या काळी क्षयाने गुडघे आखडलेले रोगी जपानात पुष्कळ असत. आणि जपानी माणूस जेवायला, लिहायला, पाहुण्याशी बोलायला चटईवर गुडघे दुमडून बसतो. ज्याचा गुडघा दुमडत नाही, तो चारचौघांतून उठलाच म्हणायचा. पाटावर मांडी घालून जेवणाऱ्या आणि अंगणात उकिडवे बसून दात घासणाऱ्या आपल्या लोकांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

ताकागींची पहिली खास दुर्बीण ७.३ मिलिमीटर जाडीची होती, म्हणजे शिसपेन्सिलीएवढी. १९३१ पर्यंत त्यांनी ती ३.५ मिलिमीटरवर आणली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी टोकियोच्या तेइशिन इस्पितळात हे काम पुढे नेले. १९५७ साली त्यांचा सांध्यांच्या अंतरंगाचा चित्रसंग्रह निघाला; त्यांची 'क्रमांक २१' ही दुर्बीण पुढे देशोदेशी गेली. तिच्या टोकाला विजेचा इवलासा दिवा असे, आणि तो गुडघ्याच्या आतच फुटण्याचे भय असे! १९६२ च्या मे महिन्यात वातानाबे यांनी दुर्बिणीतून पाहत गादीचा फक्त फाटलेला तुकडा काढला आणि उरलेली जागेवर राहू दिली. १९६४ साली कॅनडाचे रॉबर्ट जॅक्सन टोकियोत येऊन ही विद्या शिकले आणि टोरांटोला घेऊन गेले. तेथून ती जगभर पसरली. पुढे काचेच्या तंतूंतून थंड प्रकाश आत सोडण्याची सोय झाली, दुर्बिणीच्या मागे कॅमेरा बसला, आणि एका डोळ्याने पाहायचे ते पडद्यावर साऱ्यांना दिसू लागले.

वाचकाने आपला गुडघा हाताशी घ्यावा

आता फराळाचे ताट क्षणभर बाजूला ठेवा आणि खुर्चीवर बसा. पाऊल जमिनीवर, गुडघा काटकोनात. समोर हाताला लागते ती वाटी. वाटीच्या खालच्या टोकापासून नडगीच्या उंचवट्यापर्यंत एक जाड पट्टा ताठ उतरलेला लागेल. ती वाटीची कंडरा. या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना अंगठे ठेवा. दोन मऊ खळगे सापडतील, अंगठा सहज आत रुततो असे. अंगठा तसाच खाली सरकवला की नडगीची वरची कड लागते. ती सांध्याची रेषा. तिच्याच लगत आत गादी असते.

हे दोन खळगे म्हणजे गुडघ्याच्या घराची दोन नेहमीची दारे. बाहेरच्या अंगाचे दार दुर्बिणीचे, आतल्या अंगाचे हत्यारांचे. आणि काम पडेल तसे दोघांची अदलाबदलही करता येते. दोन्ही कंडरेच्या कडेपासून आणि सांध्याच्या रेषेपासून साधारण सेंटिमीटरभर अंतरावर. वाचताना हे सोपे वाटते. परंतु जाड माणसाच्या गुडघ्यावर खळगा दिसत नाही, सुजलेल्या गुडघ्यात तो भरून गेलेला असतो, आणि कोणाची वाटी जन्मतःच वर किंवा खाली असते. म्हणून ऑपरेशनपूर्वी मी चाचपडून गुडघ्यावर शाईने वाटी, कंडरा आणि सांध्याची रेषा काढून घेतो. रांगोळीआधी ठिपके मांडावेत तसे. एकदा सांध्यात पाणी भरले की हे खुणेचे दगड बुडतात.

पहिले दार

कमरेत सुई देऊन रोग्याचा अर्धा देह बधिर केलेला असतो. गुडघा वाकवून बाहेरच्या खळग्यात टोकदार पात्याने छेद द्यायचा. येथे एक बारकी पण फार मोलाची गोष्ट आहे: पात्याची धार वर, छताकडे ठेवायची. कारण खाली गादी आहे. धार खाली ठेवून हात जरा जास्त गेला, तर जी गादी वाचवायला आलो तीच कापून ठेवू.

छेद कातडी आणि सांध्याच्या पिशवीपुरता. त्यापुढे धारेचे काम नाही. बोथट टोकाची कांब नळीत घालून ती अलगद आत सरकवायची, कारण हाडांच्या टोकांवर जे पांढरेशुभ्र, गुळगुळीत अस्तर असते, त्यावर ओरखडा पडला तर तो आपणहून पूर्वीसारखा भरून येत नाही. मग पाय हळूहळू सरळ करत नळी वाटीखालून वरच्या मोकळ्या जागेत न्यायची, कांब काढून दुर्बीण बसवायची, आणि खारे पाणी सोडायचे. पाण्याने सांधा फुगतो, रक्त धुऊन जाते, आणि पडद्यावर स्वच्छ पाण्याखालच्या दगडगोट्यांसारखे दृश्य उमटते.

हे पहिले दार चुकले तर काय होते? फार मध्ये पडले, तर कंडरेला इजा होते आणि दुर्बीण तिच्यामागच्या चरबीत रुतून बसते. पडद्यावर नुसते पिवळे धुके. फार बाहेर पडले, तर मांडीच्या हाडाची गोलाई भिंतीसारखी आडवी येते. फार वर पडले, तर गादीचा मागचा कोपरा दिसत नाही, आणि बहुतेक वेळा फाटलेला असतो तो नेमका तोच! फार खाली पडले, तर गादीच्या पुढच्या भागालाच भोक. वरखाली मिळून अर्ध्या बोटाचा हा हिशेब आहे. चुकीच्या दारातून नेटाने काम रेटण्यापेक्षा नवे दार करावे, असे आमच्यात म्हणतात. कारण रेटारेटीत ओरखडे पडतात ते आतल्या अस्तरावर, आणि ते बाहेरून कोणालाच दिसत नाहीत.

दुर्बिणीचीही एक लकब सांगायला हवी. साधारण ४ मिलिमीटर जाडीच्या या दुर्बिणीचे तोंड सहसा ३० अंशांनी तिरके असते. म्हणजे ती नाकासमोर पाहत नाही. थोडी तिरळी पाहते. ती जागच्या जागी नुसती फिरवली की नजर कोपऱ्यापलीकडे वळते. एका दारातून तीन भिंती पाहायची ही युक्ती आहे.

आधी सुई

दुसरे दार मात्र अंदाजाने करायचे नाही, पाहून करायचे. खोलीतले दिवे मंद केले की आतल्या दुर्बिणीच्या उजेडाने गुडघा आकाशकंदिलासारखा आतून उजळतो, आणि कातडीखालच्या शिरा काळ्या रेघांसारख्या दिसतात. त्या चुकवायच्या. मग आतल्या अंगाच्या खळग्यात एक लांब सुई घालायची आणि पडद्यावर पाहायचे. ती गादीच्या वरून आली का? फाटलेल्या जागेपर्यंत तिचे टोक पोचते का? मध्ये हाड आडवे येते का? नाही जमले, तर सुई काढून थोडी वर, थोडी खाली, पुन्हा घालायची. सुईची चूक कातडी विसरते; सुरीची विसरत नाही. सुईचा मार्ग मनासारखा झाला की त्याच वाटेने सुरी.

काम कोणते, यावरही दार हलते. आतल्या गादीच्या मागच्या टोकाशी काम असेल तर दार थोडे खाली, गादीला अगदी लागून घ्यावे लागते. तेथून हत्यार हाडांच्या फटीत आडवे, सरळ जाते. तेच बाहेरच्या अंगाच्या गादीशी काम असले तर दार थोडे वर घेतलेले बरे, कारण नडगीच्या माथ्यावर मधोमध जो उंचवटा आहे, तो ओलांडून जायचे असते. एकाच पायाच्या दोन ऑपरेशनांत दार एका जागी नसते, ते यामुळे.

पायही निरनिराळा धरावा लागतो. आतल्या अंगाची फट उघडायची तर गुडघा किंचित वाकवून पाऊल बाहेर ओढतात. फट शिंपल्यासारखी उघडते. बाहेरची फट उघडायची तर रोग्याचा घोटा दुसऱ्या पायावर ठेवतात. इंग्रजी चारच्या आकड्यासारखी ही ठेवण, असे आमची पुस्तके सांगतात. आपण तिला अर्धी मांडी म्हणतो आणि रोज घालतो.

आता डोळा एका दारातून गेला आहे आणि हात दुसऱ्या दारातून. दोघांची गाठ आत, एका बिंदूपाशी पडायची. नजर रोग्याच्या गुडघ्याकडे नसतेच, ती पडद्याकडे. नवशिक्या डॉक्टरचे हत्यार गुडघ्यात असते, पण पडद्यावर नसते. ते शोधण्यात त्याची कपडे भिजवणारी दहा मिनिटे जातात. आरशात पाहून भांग उलट्या हाताने पाडावा तशी ही कसरत आहे. दोन्ही दारे फार जवळ पडली तर दुर्बीण आणि हत्यार तलवारींसारखी एकमेकांवर आपटतात. म्हणजे दारांमधल्या अंतराचाही हिशेब आलाच.

मागची खोली

पुढच्या दोन दारांतून गुडघ्याची बहुतेक कामे होतात. पण या घराला मागे एक खोली आहे, आणि भानगडी तेथे लपून बसतात.

नाशिककडचे एक बागाईतदार माझ्याकडे आले होते. द्राक्षाच्या मांडवाखालून चालता चालता त्यांचा गुडघा एकाएकी अडके. पाय झटकला की सुटे. "डॉक्टर, आत काहीतरी पळतंय," असे ते म्हणाले, आणि ते अगदी बरोबर होते. हाडाच्या अस्तराचा एक तुकडा सुटून सांध्यात फिरत होता. इंग्रज डॉक्टर याला 'सांध्यातला उंदीर' म्हणतात, आणि नाव सार्थ आहे. कारण आपण पुढून पाणी सोडले की हा उंदीर मागच्या खोलीत पळतो.

त्या दिवशी तसेच झाले. पुढून सगळे धुंडाळले; उंदीर नाही. मग मांडीच्या हाडाच्या दोन गोलाईंमधल्या खाचेतून दुर्बीण मागे सरकवली. ही वाट रूढ केली स्वीडनच्या यान गिलक्विस्ट यांनी. मागच्या खोलीत तो खडा शांतपणे पहुडलेला दिसला. दिसला, पण धरायचा कसा? त्यासाठी आतल्या अंगाला, मागे, तिसरे दार हवे.

हे दार करताना श्वास जरा रोखला जातो. गुडघ्याच्या मागच्या भिंतीला लागून पायाचे सारे रक्त नेणारी मोठी धमनी जाते. आतल्या अंगाला कातडीखालून एक मोठी नीला आणि तिच्या सोबतीने एक नाजूक मज्जातंतू जातो. बाहेरच्या अंगाला धोका आणखी मोठा. खुर्चीत बसून गुडघ्याच्या मागे बाहेरच्या बाजूला हात लावा. एक ताठ दोर लागेल. त्याच्या पाठीशी जो मज्जातंतू आहे, तो दुखावला तर पाऊल लुळे पडते. म्हणून बाहेरचे मागचे दार या दोराच्या पुढेच करायचे; मागे कधीही नाही.

तेव्हा गुडघा काटकोनात ठेवला, पाण्याने सांधा टम्म फुगवला, म्हणजे मागची भिंत ताणून दूर झाली. दिवे मंद केले. कातडीवर नीलेची सावली दिसली, ती सोडून सुई घातली. पहिल्या खेपेला सुईचे टोक हाडाला घासून आले. काढली, नखभर मागे घेतली, पुन्हा घातली. आता ती खोलीच्या मधोमध, खड्याच्या डोक्यावर दिसली. मग सुरीने फक्त कातडी, पुढे बोथट चिमट्याने वाट मोठी केली, आणि खडा बाहेर. हरभऱ्याएवढा होता. बागाईतदारांनी तो बाटलीत घालून मागून घेतला.

दारांच्या या यादीत एक नाव आपल्या शेजारच्या प्रांताचे आहे. गुजरातेतून अमेरिकेत गेलेले, बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल इस्पितळातील डॉ. दिनेश पटेल यांनी वाटीच्या मध्यभागाच्या दोन अंगांना, कडेलगत करायची दारे सुचवली. गुडघ्याच्या पुढच्या भागात काय चालले आहे ते तेथून ऐसपैस दिसते. जगभरच्या पुस्तकांत ती 'पटेलांची दारे' म्हणून नोंदलेली आहेत.

कबड्डीपटूचा बोगदा

दाराची जागा केवळ सोयीची नव्हे, ऑपरेशनच्या यशाचीच गोष्ट कशी ठरते, याचे उदाहरण कबड्डीच्या मैदानावर सापडते. चढाई करणारा गडी पाऊल रोवून गर्रकन वळतो, कोणी घोटा धरलेला असतो, आणि गुडघ्यात 'कट्' असा आवाज होतो. गुडघ्याच्या मध्यभागी फुलीसारखी एकमेकींना छेदणारी दोन लिगामेंट असतात. त्यांतले पुढचे तुटले. सरळ चालताना एक वेळ भागते, पण वळताना गुडघा दगा देतो.

याचे ऑपरेशन म्हणजे मांडीतल्या किंवा वाटीखालच्या कंडरेचा दोर करून, नडगीत आणि मांडीच्या हाडात बोगदे पाडून, तो दोर जुन्या जागी ओवणे. पूर्वी सर्रास नडगीच्या बोगद्यातूनच पुढे गिरमिट नेऊन मांडीच्या हाडातला बोगदा पाडीत. सरळ रेषेत काम, वेळ कमी. पण गिरमिट जिकडे वळेल तिकडेच बोगदा जाणार. दोर बऱ्याचदा फार उभा बसे. पुढेमागे होणारी हालचाल तो रोखी, पण पीळ पुरेसा रोखत नसे. आणि कबड्डी तर सारी पिळाची! म्हणून पुढे अनेक सर्जनांनी वेगळी वाट धरली: आतल्या अंगाला आणखी एक खालचे दार, त्यातून गिरमिट, गुडघा चांगला १२० अंशांपर्यंत वाकवलेला, आणि बोगदा मूळ लिगामेंटच्या जागीच. या दाराचीही आधी सुई. दार दोन बोटे इकडे की तिकडे, यावर हाडातला बोगदा ठरतो. आणि बोगद्यावर ठरते गड्याचे मैदान.

टाचणीएवढी किंमत

लहान दारालाही किंमत असते. वाटीच्या खालून, आतल्या अंगाकडून बाहेर, मज्जातंतूच्या बारीक फांद्या कातडीखालून तिरप्या जातात. त्यांची जागा माणसागणिक बदलते. एखादी फांदी छेदात सापडली की गुडघ्याच्या पुढे रुपयाएवढा किंवा थोडा मोठा भाग बधिर होतो. चालण्या-बसण्यात अडचण येत नाही, परंतु देवापुढे गुडघे टेकले की एका बाजूला जमीन लागते आणि दुसऱ्या बाजूला लागत नाही. पुष्कळदा हा डाग काळाने लहान होतो, काहींचा राहतो. सांध्यात पू होणे, पोटरीच्या शिरेत रक्त गोठणे हेही विरळा, पण घडते. म्हणून दोन भोकांच्या ऑपरेशनलाही संमतीच्या कागदावर सही असते, आणि ती वाचूनच करावी.

दार उघडायचेच कशाला?

आता सर्वांत अवघड गोष्ट. दार लहान झाले, त्रास कमी झाला, तशी आत जाण्याची सवयही वाढली. झिजलेला, दुखणारा गुडघा दिसला की दुर्बीण घालून 'साफ' करून घ्यायची, अशी लाट जगभर आली. पाण्याने धुतला, खरखरीत भाग तासला, की रोगी म्हणे, बरे वाटते.

हे बरे वाटणे कशाने, याचा शोध अमेरिकेत ह्यूस्टनच्या निवृत्त सैनिकांच्या इस्पितळात घेतला गेला. २००२ साली तो प्रसिद्ध झाला. झिजलेल्या गुडघ्यांचे १८० रोगी. त्यांची संमती घेऊन चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. एका गटाचे गुडघे तासून साफ केले, दुसऱ्याचे नुसते धुतले. तिसऱ्या गटाला कातडीवर तीन छेद दिले, हत्यारे मागितली, पाण्याचा आवाज केला आणि टाके घातले. आत कोणी गेलेच नाही! पुढे दोन वर्षे तिन्ही गटांचे दुखणे आणि चालणे मोजले. साफ केलेल्यांना नकली ऑपरेशनवाल्यांपेक्षा अधिक आराम पडल्याचे दिसले नाही. २०१३ साली फिनलंडमध्ये, सांधा फार न झिजता गादी वयोमानाने विरलेल्या १४६ रोग्यांवर असाच प्रयोग झाला. वर्षअखेर, फाटका भाग कापलेले आणि नुसते पाहून बाहेर आलेले, सारखेच. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तज्ज्ञांच्या मंडळाने स्पष्ट शिफारस केली की वयोमानाच्या झिजेसाठी जवळजवळ कोणाही रोग्यावर हे ऑपरेशन करू नये.

तरी ते मागणारे येतात. बासष्ट वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका मुलाला घेऊन आल्या. हातात एम.आर.आय.चा कागद, त्यावर 'गादी फाटली' असे लिहिलेले. मुलगा रजा काढून आला होता.

"डॉक्टर, दुर्बिणीने एकदाच साफ करून टाका," तो म्हणाला.

मी बाईंना विचारले, "बाई, गुडघा मध्येच अडकतो का? सरळच होत नाही, असं होतं का?"

"नाही हो. जिना उतरताना दुखतो. आणि खाली बसलं की उठवत नाही."

"मग कागदावरची फाटलेली गादी ही तुमच्या केसांसारखीच आहे. वयाने पांढरी झालेली. ती कापून दुखणं जायचं नाही."

मुलाचा चेहरा उतरला. एवढी रजा काढून व्यायामाचा कागद घेऊन परत जायचे! बाईही नाराजच होत्या. ऑपरेशन नाकारणारा डॉक्टर रोग्याला आळशी वाटतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. पण वर्गात साठ मुलांना शिस्त लावलेल्या बाई त्या. व्यायाम चिकाटीने केला, वजन थोडे उतरवले, बाहेर जाताना काठी घेतली. काही महिन्यांनी भेटल्या तेव्हा दुखणे गेले नव्हते, पण जिना उतरता येत होता, आणि रात्रीची झोप लागत होती. त्यांच्या गुडघ्यावर सुईचीही खूण नाही.

मग दार उघडायचे केव्हा? गादीचा तुकडा बादलीच्या कडीसारखा उलटून सांध्यात अडकला आणि गुडघा सरळच होईना, तेव्हा. तरुण माणसाची गादी अपघाताने फाटली आणि शिवण्याजोगी आहे, तेव्हा. वळताना दगा देणारा लिगामेंट तुटलेला गुडघा घेऊन ज्याला मैदानात उतरायचे आहे, त्याच्यासाठी. उंदीर पळत असेल, तेव्हा. आणि सांध्यात पू झाला असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता. या जागी दुर्बिणीने केलेले उपकार मी रोज पाहतो.

तेव्हा वाचकांपैकी कोणाला असा सल्ला मिळाला, तर डॉक्टरला तीन गोष्टी विचारायला संकोच करू नये. माझ्या गुडघ्यात जे दिसते आहे, त्यानेच मला दुखते आहे का? ऑपरेशन केले नाही तर वर्षभरात काय होईल? आणि आत जाऊन तुम्ही नेमके काय करणार? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. उलट त्याला बरे वाटते. कारण हीच त्याची पहिली सुई असते. कातडीला हात लावण्यापूर्वी वाट बरोबर आहे की नाही, ते तिने कळते.

आणि ज्यांचे गुडघे नुसतेच कुरकुरतात, त्यांनी एक काम आजच करावे. हा अंक हातात घेऊन खुर्चीत ताठ बसा. एक पाय समोर सरळ करा, मांडीचा स्नायू घट्ट आवळा, मनात दहा आकडे मोजा, सावकाश खाली आणा. मग दुसरा पाय. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. अंकातली एखादी कथा संपेपर्यंत एक आवर्तन होते. दुखणे वाढले तर थांबा आणि डॉक्टरला विचारा. एरवी चालू ठेवा. पुढच्या दिवाळीत फराळाच्या पंगतीला पाटावर बसायचे असेल, तर त्याची तयारी आत्तापासून करावी लागते.